भीमसेनरावांनी म्हटलेला शब्द

भीमसेनराव यंत्राच्या खुर्चीत कलंडले तेव्हा त्या खोलीत तीन माणसं होती, आणि कलंडण्याआधी ते काय म्हणाले हे त्यांतल्या दोघांनाच कळलं होतं. एक स्वतः भीमसेनराव आणि दुसरा क्षितिज. तिसरी सेल्वी; तिला वाटलं, आपल्यालाही कळलं. घोटाळा तिथून सुरू झाला, पण दोष तिचा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे महिनाभर दोष नक्की कुणाचा यावरच कागद रंगत राहिले.

क्षितिज मूळचा कराडचा. वय अठ्ठावीस, तांबरमला एका खोलीत राहायचा आणि अड्यारच्या एका संस्थेत पीएचडी करायचा. संस्थेतल्या त्याच्या प्रयोगशाळेत दोन खोल्या होत्या. एकीत व्यायामाची यंत्रं आणि दुसरीत हवेतला ऑक्सिजन कमी करणारं एक घरघरतं धूड. त्या धुडातून नळी निघायची, ती भिंतीतून अलीकडे यायची आणि व्यायाम करणाऱ्या माणसाच्या तोंडावरच्या मास्कला जोडली जायची. आपल्या नेहमीच्या हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन असतो. त्या नळीतून यायचा चौदा टक्के. समुद्रकाठच्या चेन्नईत घाम गाळत बसलेल्या माणसाला लेहची हवा पाजायची, असा सगळा उपद्व्याप होता.

उपद्व्यापाला कारणही होतं. वजन उचलून ताकद वाढवायची तर वजन जड लागतं, आणि साठीच्या माणसाचे गुडघे जड वजनाला राजी नसतात. पण ऑक्सिजन कमी पडला की मांडीतले चिवट, सावकाश दमणारे तंतू लवकर हात टेकतात, आणि एरवी जड ओझ्याशिवाय जागे न होणारे दांडगे तंतू हलक्या ओझ्यालाच कामाला लागतात. पायांत आग पेटते, दहा किलो तीस किलोसारखे लागतात आणि गुडघ्यावर भार मात्र दहाचाच. असं निदान क्षितिजचं आणि त्याच्या मार्गदर्शक डॉक्टर अलमेलूंचं म्हणणं होतं. ते कितपत खरं, हे पाहण्यासाठी साठीच्या आसपासची सोळा माणसं आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, मास्क लावून पाय हलवणार होती. शेवटच्या दिवशी मोजमाप. त्या दिवशी चार सेट पुरे करायचे, पहिल्यात तीस वेळा पाय उचलायचे आणि पुढच्या तिन्हींत पंधरा-पंधरा वेळा. शेवटचा सेट अर्धा राहिला तर त्या माणसाचा आकडा मोजणीतून बाद.

भिंतीवर एक नियम इंग्रजीत लावला होता. समोरचा माणूस थांब म्हणाला की थांबायचं. कारण विचारायचं नाही, आग्रह करायचा नाही. तो नियम क्षितिजनेच लिहिला होता, आणि चांगल्या अक्षरात लिहिला होता.

भीमसेनराव सोळावे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, वय एकसष्ट, वेस्ट मांबलमला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारे. पहिल्या दिवशी नाव लिहून घेताना त्यांनी क्षितिजच्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तू मराठा की रे?" ते म्हणाले. "आम्हीही मराठेच. तंजावूरचे. कोण गांव तुझं?"

खोलीत सेल्वी होती, दोन विद्यार्थी होते. क्षितिजला या शहरात येऊन दोन वर्षं झाली होती. तमिळ येत नाही म्हणून कॅन्टीनमध्ये झालेली त्याची थट्टा आत्ता कुठे थांबली होती, सफाईदार इंग्रजीच्या जोरावर तो त्यांच्यात बसू लागला होता. आणि हे गृहस्थ भर खोलीत हेल काढून असलं मराठी बोलत होते, की ते मराठी आहे हे कबूल करायचीच त्याला चोरी झाली. तो इंग्रजीत म्हणाला, "सॉरी अंकल, मला नीट कळत नाही. इंग्लिश प्लीज."

भीमसेनरावांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग "सेरि, सेरि," म्हणजे बरं बरं, असं म्हणून ते खुर्चीत बसले.

"कुठली भाषा ती?" नंतर सेल्वीने विचारलं. ती तंत्रज्ञ होती, मदुरैकडची, आणि तिला वाटलं होतं तेलुगूच असावी.

"देव जाणे," क्षितिज म्हणाला. "मलाही कळली नाही."

एवढंसं खोटं. त्यात कुणाचं काही गेलं नाही. पण खोट्याचं असं असतं, की एकदा घरात घेतलं की ते आपली जागा करून बसतं.

सेल्वी कॉफी आणायला गेली की मात्र क्षितिज त्यांच्याशी मराठीत बोलायचा. म्हणजे चोरून मराठी. भीमसेनरावांनी त्याबद्दल एकदाही टोकलं नाही. लोक असले की ते इंग्रजी बोलत, नसले की आपलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी आमची माणसं खाली उतरली, ते सांगत, आता बाहेर तमिळ, घरांत मराठी. "मी बोलूलों ते समजूलं की?" असं मधेच विचारत, आणि समजतंय म्हटलं की खूश होत. क्षितिज रविवारी आईला फोन करून त्यांची नक्कल करून दाखवायचा. मी येऊलों, तू काय करूलास. आई तिकडे हसून हसून बेजार व्हायची, आणि मग म्हणायची, "पण किती गोड रे, इतकी वर्षं सांभाळलं बिचाऱ्यांनी." क्षितिज फक्त पहिलं अर्धं ऐकायचा.

ते या प्रयोगात कशाला आले, तेही त्यांनी असंच एकदा सांगितलं होतं. बायको रत्नप्रभा. संधिवाताने तिचे पाय धरले, तीन वर्षं झाली. रोज सकाळी तिला पलंगावरून उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसवायचं आणि रात्री परत न्यायचं. खुर्चीत बसून ती सांगणार, ते करणार. चिंच किती, गूळ किती, फोडणी कधी. "तिथं बसली की तिचं राज्य," ते म्हणाले. पण अलीकडे उचलताना त्यांचे पाय लटपटायचे, एकदा तर दोघं पलंगावरच परत बसली होती. व्यायामशाळेत जावं तर जड वजनाने गुडघा ठणकायचा. हलक्या वजनात पायांत ताकद येते असं कुणीतरी सांगितलं म्हणून ते आले होते. आठ आठवड्यांत ती थोडी आलीही होती. सातव्या आठवड्यात त्यांनी येऊन कौतुकाने सांगितलं, की काल एका दमात उचललं.

आणि मग शेवटचा दिवस.

यंत्र असं होतं, की खुर्चीत बसायचं, नडगीपुढे गादीचा दांडा यायचा आणि गुडघे सरळ करत तो वर उचलायचा. दोन्ही हातांनी बाजूच्या मुठी धरायच्या. पहिले तीन सेट झाले. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा हळूहळू उतरत एक्क्याऐंशीवर आला होता. ऐंशीच्या खाली गेला तर थांबायचं, असाही नियम होता. भीमसेनरावांचं कपाळ घामाने निथळत होतं, ओठ मास्कमागे फिकट दिसत होते. चौथ्या सेटची अकरावी वेळ वर गेली आणि खाली आली.

"पुरे," ते मास्कमधून म्हणाले. मग पुन्हा, "पुरे रे."

पलीकडच्या खोलीत यंत्र घरघरत होतं, मास्कमुळे आवाज दबला होता, हे सगळं खरं. तरी क्षितिजला ते स्वच्छ ऐकू आलं. कराडला आई ताटात भात वाढताना तो रोज जो शब्द म्हणायचा, तोच शब्द. त्याला वाटलं, चार राहिले. फक्त चार. पंधरा माणसं झाली, हा सोळावा, चार वेळा पाय वर गेले की दोन वर्षांचं काम पुरं. आणि तो इंग्रजीत म्हणाला, "फोर मोअर, अंकल. लास्ट फोर."

भीमसेनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नवल होतं. आणि बहुधा आपलंच काही चुकलं असेल असं समजून त्यांनी बारावी वेळ पाय उचलले.

दांडा अर्ध्यावर असताना त्यांची मान मागे पडली. पाय सुटले, वजन खाडकन खाली आलं आणि त्याने उजवा पाय आपल्याबरोबर ओढून नेला. मास्क काढल्यावर मिनिटभरातच ते शुद्धीवर आले, पण मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीला ज्या दोरीने बांधलेला असतो, ती कंडरा अर्धी फाटली होती. सहा आठवडे पाय पट्टीत सरळ बांधून ठेवायचा, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. उचलणं-बिचलणं चार-सहा महिने मनातही आणायचं नाही.

संध्याकाळी डॉक्टर अलमेलूंनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. करड्या केसांची, कमी बोलणारी बाई. त्यांनी एकच विचारलं. थांब म्हणाले होते का ते?

सेल्वी रडवेली झाली होती. "नाही मॅडम," ती म्हणाली. "ते 'पुरियुदु' म्हणाले. मी ऐकलं. क्षितिज म्हणाला चार राहिले, त्यावर ते 'पुरियुदु' म्हणाले."

तमिळमध्ये 'पुरियुदु' म्हणजे 'समजतंय'. मास्कमागून 'पुरे' आणि 'पुरे रे' ऐकणाऱ्या तमिळ कानाला दुसरं काय ऐकू येणार? क्रम मात्र तिच्या मनाने बदलून घेतला होता, कारण उत्तर नेहमी प्रश्नाच्या नंतर येतं. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसंच आठवत होतं.

"तू काय ऐकलंस?" मॅडमनी क्षितिजला विचारलं.

इथे थांबून त्याने खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. तोंड उघडलंही होतं त्याने. पण खरं सांगायचं तर नुसता आजचा शब्द सांगून भागणार नव्हतं. मला मराठी कळतं, त्यांचंही कळतं, पहिल्या दिवसापासून कळत होतं, हेही सांगावं लागलं असतं. सेल्वी शेजारीच बसली होती. तो म्हणाला, "काहीतरी म्हणाले मॅडम. तमिळमध्येच असावं. मला तमिळ येत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

मॅडमनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं.

मग त्याने स्वतः तीन पानांचा अहवाल लिहिला. प्रत्येक वाक्य तपासलं तर खरं वाटावं असा. सहभागी व्यक्तीने स्थानिक भाषेत एक शब्द उच्चारला. संशोधकास ती भाषा अवगत नाही. उपस्थित तंत्रज्ञाच्या मते तो शब्द होकारार्थी होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं आपण पाहतो. याने भांडं तर लपवलंच, वर ताक मागितलंच नाही असंही लिहून दिलं. सही त्याने एका झटक्यात केली, आणि याचीच त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटायची.

लाज काही लगेच आली नाही. पहिले दोन दिवस नुसती भीती होती. ती ओसरल्यावर लाज आली, आणि आल्यावर हलेना. भात वाढणाऱ्या खानावळीच्या माणसाला तो हाताने खूण करू लागला, तोंडाने शब्द काढेना. आईच्या फोनवर कामाचं निमित्त सांगून दोन मिनिटांत उठू लागला. तिने विचारलं, "तुझे ते येऊलों-जाऊलों काका कसे आहेत रे?" तर म्हणाला, "बरे आहेत." भीमसेनरावांना दवाखान्यात भेटायला संस्थेतून तीन जण गेले, सेल्वी संत्री घेऊन दोनदा गेली. हा गेला नाही. पाय जड झाले, म्हणजे खरंच जड झाले; स्नायूंवर दोन वर्षं अभ्यास करणाऱ्या माणसाला आपले पाय उचलेनात.

पाचव्या आठवड्यात संस्थेच्या एथिक्स कमिटीची बैठक भरली. लांब टेबल, पलीकडे चार जण. भीमसेनरावांना त्यांचं म्हणणं मांडायला बोलावलं होतं. ते काठी टेकत, पट्टीतला ताठ पाय बाजूने फिरवत आत आले आणि सगळ्यांना नमस्कार करून बसले. क्षितिज समोरच्या खुर्चीत होता. त्याने मनाशी ठरवलं होतं, की आता ते सांगतील आणि सगळं संपेल. खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. आपल्याच्याने होत नाही ते दुसऱ्याने करावं, म्हणजे आपण सुटलो.

अध्यक्षांनी तमिळमध्ये विचारलं, त्या वेळी तुम्ही नेमकं काय म्हणालात? आणि क्षितिजला तो प्रश्न अक्षरन्‌अक्षर कळला. दोन वर्षांत तेवढं तमिळ कानावर पडून आलं होतं. म्हणजे 'तमिळ येत नाही' हेही अर्धं खोटंच.

भीमसेनरावांनी क्षितिजकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे वळून ते म्हणाले, "पुरियुदुन्नुदान सोन्नेन." 'समजतंय' असंच म्हणालो मी. पुढे म्हणाले, "तप्पु एन्नुदु." चूक माझी. हात वर करायला हवा होता, केला नाही. पोराचा दोष नाही.

कमिटीचं समाधान झालं. सहभागी व्यक्तीकडून संवादात चूक झाली, असं कागदावर आलं. पुढे असं होऊ नये म्हणून थांबण्यासाठी एकच शब्द ठरवावा, तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा आणि सर्वांनी पाठ करावा, असा निर्णय झाला. शब्द ठरला 'पोदुम्'. तमिळमध्ये म्हणजे पुरे. बाहेर पडताना डॉक्टर अलमेलू क्षितिजच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, की मनाला लावून घेऊ नकोस, आकडेमोड करणाऱ्यांशी मी बोलले आहे, सोळाव्याची गरज नाही. पंधरा पुरे आहेत.

तो तक्ता क्षितिजनेच छापून आणला आणि क्षितिजनेच लावला. वर तमिळमध्ये पोदुम्, खाली इंग्रजीत स्टॉप, त्याखाली हिंदीत बस. चारही कोपऱ्यांना टेप लावली. सेल्वी त्याला शिकवू लागली, "म्हण, पोदुम्." त्याने म्हटलं. "छान," ती म्हणाली, "आधी हा एक शब्द येत असता तर." ती सहज म्हणाली. त्या दिवशी दुपारीच तो वेस्ट मांबलमला गेला.

दार उघडायला भीमसेनरावांना वेळ लागला. काठीचा आवाज आतून टकटक करत आला. त्याला पाहून ते बाजूला झाले. स्वयंपाकघराच्या दाराशी एक खुर्ची होती, हातांवर उशा बांधलेली. रिकामी. तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला होता.

"कोण आलंय?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"तो मराठी पोरगा," भीमसेनराव म्हणाले. "कराडचा."

"आंत आण की त्याला."

रत्नप्रभाबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोठं कुंकू, वळलेली बोटं, नजर तल्लख. महिनाभर त्यांना कुणी उचललं नव्हतं. सकाळी शेजारची बाई येऊन धुणंपुसणं करून जायची, पण खुर्चीत बसवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यामुळे राज्यकारभार आता आतून, ओरडून चालायचा. "हे घसरले तिथं," त्या क्षितिजला म्हणाल्या. "वय झालं, कळत नाही. व्यायाम करायला गेले आणि पाय मोडून आले." म्हणजे घरातही त्यांनी सांगितलं नव्हतं. भीमसेनराव काठी बगलेत धरून कॉफी आणत होते, पेला डुचमळत होता, तरी आणखी काही खायला शोधायला परत वळले.

"पुरे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

भीमसेनराव जिथल्या तिथे थांबले आणि खाली बसले.

"बघ," त्या हसत क्षितिजला म्हणाल्या. "आमच्या घरांत हा एकच शब्द. चाळीस वर्षं झाली लग्नाला. कितीही भांडण होऊ दे, एकाने पुरे म्हटलं की दुसऱ्याने थांबायचं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं. ह्यांनी आजवर मोडलं नाही."

क्षितिजने पेला तोंडाला लावला. त्या माउलीने काही मनात धरून म्हटलं नव्हतं, आणि म्हणून त्याला कुठे बघावं ते कळेना. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ते काय, हे त्या पलंगाशेजारच्या स्टुलावर त्याला कळलं.

निघताना भीमसेनराव जिन्यापर्यंत आले. क्षितिज आधीच ठरवून ठेवलेली वाक्यं सगळी विसरला. "काका," तो म्हणाला. इतके दिवस अंकल होते. "मला ऐकू आलं होतं. मला समजलं होतं."

"माहीत आहे," भीमसेनराव म्हणाले.

"मग तुम्ही तिथं का नाही सांगितलंत?"

म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली आणि कठडा धरला. "काय सांगू रे? पुरे म्हटलं म्हणून सांगितलं असतं. ते विचारणार, कोण भाषा? मराठी. ह्याला येतं की मराठी? येतं. मग का नाही थांबला?" ते थांबले. "त्याचं उत्तर मला येत नव्हतं."

भिंतीवरून घसरू लागलेली काठी क्षितिजने सावरून पुन्हा नीट टेकवली.

"चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये सगळ्यांस सांगत आलों," ते हळू आवाजात म्हणाले. "आम्ही इथले नव्हे, आमची माणसं वर आहेत. लोक हसायचे. तुझं तमिळच बरं आहे की, म्हणायचे. मग तू भेटलास. वरून आलेला पहिलाच. मास्क घालून जीव घुसमटला तेव्हां तमिळ आठवलं नाही, इंग्रजी आठवलं नाही. आईचं तेवढं आठवलं. म्हटलं, समोर आपलाच पोरगा आहे, हात कशाला वर करूं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. "त्या टेबलापाशी मलाच लाज वाटली रे. म्हणून खोटं बोललों. तुझ्यासाठी नव्हे."

आतून हाक आली आणि ते काठी घेऊन वळले.

क्षितिज जिना उतरला नाही. परत आत गेला, खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि विचारलं, "काकूंना कसं उचलायचं असतं?" भीमसेनरावांनी सांगितलं. गुडघे वाकव, पाठ नव्हे. तिला छातीशी धर. घाई करूं नको. रत्नप्रभाबाई बऱ्याच जड होत्या. त्यांना दारातल्या खुर्चीत बसवेपर्यंत त्याच्या मांड्या थरथरू लागल्या, श्वास अपुरा पडला, आणि हे सगळं साध्या एकवीस टक्के हवेत. बसल्या बसल्या त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि महिनाभराचा पसारा बघून नवऱ्याला झापायला सुरुवात केली.

त्याला कुणी शाबासकी दिली नाही, आणि ती घेण्याचा त्याला हक्कही नव्हता. रात्री पलंगावर नेऊन ठेवायला तो थांबला आणि उद्या सकाळी साडेसातला येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेसातचं काम करून तो अड्यारला पोहोचला तेव्हा दहा वाजले होते. सेल्वी आली होती, पुढच्या प्रयोगाचे मास्क धूत होती. खिशात डॉक्टर अलमेलूंना लिहिलेलं पत्र होतं, पण पत्राने कागदावर कागद चढतो, हे त्याला एव्हाना कळलं होतं. त्याने टेबलावरचा जाड पेन घेतला आणि भिंतीवरच्या तक्त्यावर, 'बस'च्या खाली जी थोडी जागा उरली होती, तिथे दोन अक्षरं लिहिली.

सेल्वी ओले हात तसेच धरून बघत राहिली. तिला देवनागरी येत नव्हती. डॉक्टर अलमेलू दारातून आत येत होत्या. लहानपणी शिकलेल्या थोड्याशा हिंदीवर त्यांनी चष्मा सारखा करत ते वाचलं.

"पु-रे," त्या म्हणाल्या. "हे काय आहे?"

"त्या दिवशी भीमसेनराव हे म्हणाले होते मॅडम. दोनदा. मी चार राहिले म्हणायच्या आधी."

"आणि अर्थ?"

"पोदुम्."

सेल्वीच्या हातातला मास्क मोरीत पडला. डॉक्टर अलमेलू तक्त्याकडे पाहत राहिल्या, मग त्याच्याकडे. पलीकडच्या खोलीतलं यंत्र अजून कुणी सुरू केलं नव्हतं, त्यामुळे खोलीत ऐकू न येण्यासारखं काही नव्हतं.

"कुठली भाषा?" त्यांनी विचारलं.

"माझी," क्षितिज म्हणाला.